रेकॉर्डचं दुकान आणि एक भरगच्च वीकेंड (पाय दुखतायत, तरी लिहिते)

सुईधागा | रविवार, रात्री ११:२०

पाय सुजलेत, कानात अजून गुंऽऽ चालू आहे आणि उद्या सकाळी नऊला मीटिंग आहे. तरी आत्ताच लिहून टाकते. नाहीतर नेहमीसारखं "लिहीन कधीतरी" होऊन बसेल.

काल रेकॉर्ड स्टोअर डे होता. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: २००६ मध्ये अमेरिकेतल्या टॉवर रेकॉर्ड्सचं दिवाळं निघालं. एवढी अवाढव्य साखळी बुडाली तिथे एकांड्या दुकानांचं काय, सगळी गाणी आता डाउनलोड होणार, असं जो तो म्हणत होता. तेव्हा स्वतंत्र दुकानं चालवणारी काही मंडळी २००७ मध्ये एकत्र बसली आणि रडत बसण्यापेक्षा एक दिवस साजरा करू म्हणाली. पहिला दिवस १९ एप्रिल २००८ ला झाला. तेव्हापासून बहुतेक दर वर्षी एप्रिलातल्या एका शनिवारी, फक्त अशा दुकानांतच मिळतील अशा मर्यादित प्रती निघतात. जोडीला दुकानातच गाणंबजावणं. त्याला धरून बाकीच्या बँडवाल्यांनीही आपापले कार्यक्रम याच दोन दिवसांत लावले, की अशी त्रेधा उडते.

मी पहाटे पावणेसहाला रांगेत. माझ्या पुढे एकतीस माणसं. (मोजली. दुसरं काय करणार?) पुढचा मुलगा रात्रीपासून घडीची खुर्ची टाकून बसलेला, मागच्या बाईंच्या हातात छापलेली यादी आणि तीवर तीन रंगांच्या खुणा. दार उघडलं आठला. माझा नंबर लागेपर्यंत मला हवी होती ती प्रत संपलेली. शेवटची त्या यादीवाल्या बाईंनी माझ्या बाजूने हात घालून उचलली. मी बघत राहिले.

आता खरं सांगायचं ते पुढे आहे. काउंटरवरचे काका माझा चेहरा बघून म्हणाले, "मागच्या खेपेला तीन नेल्या होत्यास. त्यातली परत परत कुठली लावलीस?"

काय आवडतं, असं नाही विचारलं. परत परत कुठली लावलीस! मला क्षणभर सुचेना. खरं उत्तर दिलं तेव्हा ते माझ्याच मला नवीन होतं, कारण जी हौसेने घेतली ती एकदाच लावली होती आणि जी "असू दे" म्हणून उचलली तीच रोज रात्री चालू होती. काका आत गेले आणि जुन्या मालाच्या खोक्यातून एक रेकॉर्ड घेऊन आले. कव्हरातून काढताना तिच्या पृष्ठभागाला बोट लागू दिलं नाही: अंगठा कडेला, बाकीची बोटं मधल्या लेबलाखाली. दिव्याखाली तिरकी धरली, दोन्हीकडून बघितली. मग लेबलवरचं भोक मला दाखवलं. त्याच्याभोवती केसासारख्या बारीक रेघा होत्या. अंधुक उजेडात रेकॉर्ड बसवताना खुंटी भोकात न जाता लेबलवर घासते, त्याच्या त्या खुणा. "बघ, खूप वाजलीय. पण खाचेला ओरखडा नाही. ज्याच्याकडे होती त्याने जीव लावला होता."

घेतली. यादीतली नव्हे, कुणाच्या रांगेतली नव्हे. आज दिवसभर तीच चालू आहे.

बाकी वीकेंडचा हिशोब: दोन दिवसांत सात कार्यक्रम. दुकानात दुपारी एक चौकडी वाजवून गेली. ड्रम ठेवायला जागा नव्हती, तर ड्रमरने रिकामं खोकं पालथं घालून त्यावर ब्रशने वाजवलं. पहिल्या रांगेतली माणसं विकत घेतलेल्या रेकॉर्डी छातीशी धरून उभी होती, शाळेत पाटी धरायचो तशी, त्यामुळे टाळ्या वाजवायची पंचाईत. मग सगळे पाय आपटायला लागले. रात्री एकाच वेळी तीन ठिकाणी तीन बँड. पहिल्याची चार गाणी, दुसऱ्याची दोन, तिसऱ्याकडे पोचले तर आवरतच होते. आज सकाळी तळघरातला एकल गिटारवाला (श्रोते अकरा), दुपारी बागेत ब्रास बँड, संध्याकाळी आणखी एक. त्याच्याबद्दल न बोललेलं बरं. ध्वनियंत्रणेने निम्मा वेळ खाल्ला.

तुमचे अनुभव लिहा. आणि ती यादीवाली बाई इथे वाचत असेल तर: ताई, मी विसरलेले नाही.

---

मंद्रसप्तक | रविवार, रात्री ११:५८

"परत परत कुठली लावलीस" हे वाचून थांबलो. मुलगी बघायला जाताना विचारावा असा प्रश्न आहे.

जरा जुनी आठवण काढतो. दहा इंची, मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकडीवर एका बाजूला जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटं मावायची. तासभर रंगणारा राग गवयांनी तेवढ्यात बसवला, आणि कित्येकांनी असा बसवला की काही हरवलंय असं वाटत नाही. १९०२ मध्ये कोलकात्यात गौहर जान यांचं ध्वनिमुद्रण झालं. गाणं संपताच त्या इंग्रजीत आपलं नाव सांगतात. मूळ मुद्रण जर्मनीला जायचं आणि तिथल्या कारागिरांना कोणती तबकडी कुणाची हे कळावं, म्हणून ही सोय. पुढे ती सोय राहिली नाही, पण ते नाव ऐकल्याशिवाय गाणं पुरं झाल्यासारखं मला आजही वाटत नाही.

---

शंकासुर | सोमवार, सकाळी ७:१५

छान लिहिलंय, पण नावाला जागतो.

१. पहाटे पावणेसहाला प्लास्टिकच्या चकतीसाठी रांग लावणं याला संगीतप्रेम म्हणायचं की खरेदी? रांगेतले निम्मे लोक दुपारपर्यंत तीच प्रत ऑनलाइन तिप्पट भावात विकायला ठेवतात.

२. मर्यादित प्रती म्हणजे बहुधा घरोघरी असलेलाच अल्बम निळ्या रंगात.

३. "अॅनालॉगची ऊब" वगैरे, म्हणजे रेकॉर्डीचा आवाज डिजिटलपेक्षा उबदार लागतो, असं जे म्हणतात ते. आजच्या बहुतेक रेकॉर्डी डिजिटल फाइलवरूनच निघतात. २०२२ मध्ये एका नामवंत कंपनीबद्दल उघड झालंच की, निव्वळ टेपवरून केलेल्या म्हणून ज्या लोक डोक्यावर घेत होते, त्यांत मध्ये डिजिटल टप्पा होता. वर्षानुवर्षं एकाही सोनेरी कानवाल्याला पत्ता नाही!

कार्यक्रमांबद्दल काही म्हणणं नाही. ते जिवंत आहेत. दुकानाचा त्याच्याशी संबंध काय, ते सांगा.

---

काउंटरमागचा | सोमवार, दुपारी २:४०

शंकासुरराव, बारा वर्षं काउंटरच्या या बाजूला आहे. तुमचे पहिले दोन मुद्दे आधीच कबूल करतो. तिसऱ्यात एक गोष्ट राहिली: ते प्रकरण उजेडात आणलं ते एका रेकॉर्डच्या दुकानदारानेच. कंपनीचाच माल विकणाऱ्या माणसाने.

या दिवसाचं आमच्या बाजूचं गणित कुणी फारसं सांगत नाही. मागणी नोंदवायची महिनाभर आधी. मागितलेलं सगळं मिळेलच असं नाही. एकीच्या वीस मागाव्यात तर दोन येतात, आणि जिच्या दोन पुरल्या असत्या तिच्या वीसच्या वीस. या खास प्रती परत घेतल्या जात नाहीत. शनिवारी संध्याकाळी जे उरलं ते आमचं. मागच्या तीन वर्षांतलं एक खोकं अजून माझ्या पायाशी आहे, स्टूल म्हणून वापरतो. नव्या रेकॉर्डीत सुटणारे पैसेही किरकोळ. दुकान चालतं ते जुन्या मालावर, म्हणजे घर आवरताना कुणी आणून दिलेल्या खोक्यांवर.

ऑनलाइन विकणाऱ्यांचं म्हणाल, तर माणशी एकच प्रत, हा आमचा नियम. तरी नवरा, बायको आणि सासू अशी तिघं वेगवेगळी उभी राहतात. सासूबाईंना विचारलं कुठला बँड, तर म्हणाल्या, "तो पांढरा."

छोट्या लेबलांची, म्हणजे रेकॉर्डी काढणाऱ्या छोट्या कंपन्यांची, तक्रार मात्र खरी आहे. या दिवसाच्या आधीचे कित्येक महिने कारखाने मोठ्या कंपन्यांच्या पुनर्मुद्रणात गुंतलेले असतात आणि तीनशे प्रती काढणारा पोरगा ताटकळत बसतो. ज्यांच्या नावाने उत्सव, तेच रांगेत मागे. यावर आमच्यातही वाद होतात.

आता दुकानाचा संबंध काय? आमच्या दाराला आतून एक फळा आहे. आज कुठे कोण वाजवतंय, कुणाला बेस वाजवणारा हवाय, कुणाचा अॅम्प विकाऊ आहे, सगळं तिथे. मागच्या वर्षी त्या फळ्यावरून दोन बँड जमले आणि एक मोडला. तो मोडलेला माझा होता.

---

बी-साइड | सोमवार, दुपारी ३:३०

मोडलेला बँड +१. आमचाही असाच एका दुकानात जमला.

आमच्यासारख्या, साठ माणसं आली तर खूश होणाऱ्यांना दुकान काय देतं ते सांगतो. ऑनलाइनवर गाणं टाकलं तर ऐकणारा कोण ते कळत नाही. दुकानदार मात्र सांगतो: "तुमची घेऊन गेला तो माणूस जुनं डब, म्हणजे रेगेतून निघालेलं संगीत, शोधत असतो, आणि एक नर्सबाई आहेत, त्या रात्रपाळीनंतर येतात." पुढच्या कार्यक्रमाला त्या नर्सबाई दिसल्या. मी स्टेजवरून ओळखलं!

हे काही नवीन नाही. लंडनमध्ये १९७६ ला रफ ट्रेड नावाचं दुकान निघालं. पोरं आपणच काढलेल्या सिंगल घेऊन यायची, दुकान ठेवून घ्यायचं, विकायचं. दोन वर्षांत, १९७८ ला, त्याच दुकानाचं लेबल झालं. काउंटरवर बसून कुणाला काय हवंय ते रोज दिसत असेल, तर पुढचं पाऊल तेच पडणार.

दुकानात वाजवायचा धसका वेगळाच असतो पण. मोठ्या हॉलमध्ये अंधार असतो, चूक झाली तर लपते. इथे समोरचा माणूस दीड हातावर, त्याच्या हातात त्याच वाद्याच्या उस्तादाची रेकॉर्ड, आणि तुम्ही सूर चुकता.

---

सुईधागा | सोमवार, रात्री ९:०५

@शंकासुर, दुसरा मुद्दा मान्य, निळी चकती माझ्याकडेही आहे. पण तो अकरा श्रोत्यांचा तळघरातला कार्यक्रम मला कळला तो त्याच फळ्यावरून (काउंटरमागचा, तुमचा नसेल, पण सगळीकडे एक असतोच बहुतेक). मोबाइल मला रोज शंभर गाणी सुचवतो, आणि सगळी माझ्या आधीच्या गाण्यांची मावसभावंडं. काकांनी दिलेली रेकॉर्ड मी आयुष्यात शोधली नसती. शोधायला नाव तरी माहीत हवं ना.

@मंद्रसप्तक, मुलगी बघायला जाताना?? कुठल्या शतकात आहात?

---

मंद्रसप्तक | सोमवार, रात्री ९:२०

७८ फेऱ्यांच्या. क्षमस्व.

---

खरखर | मंगळवार, सकाळी १०:१०

थोडं अवांतर, पण "प्लास्टिकची चकती" म्हटल्यावर राहवेना.

रेकॉर्ड बनवताना आधी अॅल्युमिनियमच्या तबकडीवर लाखेसारखा मऊ थर देतात आणि त्यावर खाच कोरतात. त्यावर चांदीचा मुलामा, मग निकेल चढवायचं आणि सोलून काढायचं. तो झाला उलटा साचा. त्याच्यावरून सुलटा, सुलट्यावरून पुन्हा उलटे, आणि त्या शेवटच्यांनी गरम पीव्हीसीचा गोळा दोन लेबलांमध्ये दाबायचा. लेबल चिकटवत नाहीत, त्याच दाबात ते आत बसतं. यातली पहिली, थर दिलेली तबकडी बनवणारे जगात मुख्य कारखाने दोनच होते. त्यातला कॅलिफोर्नियातला, अपोलो मास्टर्स, फेब्रुवारी २०२० मध्ये जळाला. जपानमधला एकटा उरला. आणि नेमकी त्याच सुमारास मागणी वाढली: २०२२ मध्ये अमेरिकेत रेकॉर्डी ४ कोटी १० लाखांवर खपल्या आणि सीडी ३ कोटी ३० लाखांच्या आसपास. नगांच्या हिशोबात रेकॉर्डी सीडीच्या पुढे गेल्या त्या १९८७ नंतर पहिल्यांदाच. काउंटरमागचा म्हणतायत त्या ताटकळण्याची पाळंमुळं यातही आहेत.

मनात आणलं तर हे सगळं किती झटपट होतं, तेही याच दिवशी दिसलं होतं. २०१४ च्या रेकॉर्ड स्टोअर डेला जॅक व्हाइट या अमेरिकन गायकाने नॅशव्हिल शहरात सकाळी गाणं थेट तबकडीवर कोरून घेतलं, साचे झाले, छापलं, आणि दुकानात विकायला ठेवलं. ३ तास ५५ मिनिटं २१ सेकंद! आमच्या सोसायटीत लिफ्टवाल्याचा फोन उचलायला याहून जास्त वेळ लागतो.

आणि शंकासुर, ऊबबीब मीही मानत नाही. उलट या माध्यमाच्या अडचणीच मला आवडतात. रेकॉर्ड बाहेरून आत वाजते. मिनिटाला फेरे तेच, ३३⅓, पण कडेला सुईखालून सेकंदाला साधारण ५१ सेंटिमीटर खाच सरकते आणि शेवटच्या गाण्यापाशी २१. तोच आवाज निम्म्याहून कमी जागेत कोंबायचा. म्हणून शेवटच्या गाण्यातले "स" फिसकटतात. जाणते लोक म्हणून बाजूच्या अखेरीस संथ गाणं ठेवतात. गाण्यांचा क्रम चकतीच्या भूमितीने ठरतो, हे कळल्यापासून मी अल्बम वेगळा ऐकतो.

पुढच्या वेळी शेवटच्या खाचेनंतरची गुळगुळीत पट्टीही दिव्याखाली बघा. तिथे क्रमांक कोरलेला असतो, आणि कधी कधी कोरणाऱ्याची सहीसुद्धा. जॉर्ज पेकहॅम नावाचे इंग्लंडमधले कारागीर तिथे "पोर्की प्राइम कट" असं कोरायचे.

---

शंकासुर | मंगळवार, दुपारी १:००

खरखर, पट्टी बघायला घरातली एकुलती एक रेकॉर्ड काढली. काहीतरी खरवडलंय, वाचता येत नाहीय. भिंग शोधतोय.

याचा अर्थ मी हरलो असा कुणी काढू नये.

---

पहिलीच_फेरी | मंगळवार, संध्याकाळी ६:३०

नमस्कार, इथे नवीन आहे. गेली दोन वर्षं नुसती वाचतेय. बाबांच्या वीस-पंचवीस रेकॉर्डी माळ्यावर एकावर एक रचलेल्या सापडल्या. काहींना पांढरी बुरशी आहे. प्लेअर मैत्रिणीकडून आणला आणि स्पीकरला जोडला, तर आवाज अगदी चिरका आणि लांबून आल्यासारखा. रेकॉर्डी बाद झाल्या का? दुकानात न्यायची लाज वाटते. ते म्हणतील, हा कचरा कशाला आणला.

---

काउंटरमागचा | मंगळवार, संध्याकाळी ७:१५

ताई, लाज कसली! आमचं निम्मं दुकान लोकांच्या माळ्यांवरून आलंय.

चिरका आवाज रेकॉर्डचा दोष नसावा. खर्ज जसाच्या तसा कोरला तर खाच एवढी नागमोडी होते की बाजू बघता बघता भरून जाईल. म्हणून कोरताना खर्ज दाबतात आणि वरचे सूर चढवतात. ऐकताना ते उलटं करून घ्यावं लागतं. ते काम फोनो प्रीअॅम्पचं. प्लेअरच्या मागे "फोनो" आणि "लाइन" असं बटण असेल तर "लाइन"वर करा. नसेल तर वेगळी डबी मिळते.

आधी सगळ्या उभ्या करून ठेवा, आडव्या रचल्या की वाकतात. बुरशी फडक्याने कोरडी पुसू नका, ती खाचेत जाऊन बसते. जवळच्या दुकानात धुण्याचं यंत्र आहे का विचारा. आणि त्यांच्यासमोरच एक लावून बघा.

---

बी-साइड | मंगळवार, संध्याकाळी ७:४०

प्रतिसाद काढून टाकला आहे. (तेच लिहीत होतो, काउंटरमागचा जिंकले.)

---

पहिलीच_फेरी | शनिवार, दुपारी ४:५०

गेले होते! कुणी कचरा म्हटलं नाही. काउंटरवर एक मुलगी होती, माझ्याहून बरीच लहान. तिने एकेक काढून दिव्याखाली धरली. दोन वाकलेल्या निघाल्या, चार तिने धुवायला घेतल्या. यंत्राने पाणी ओढून घेतलं तेव्हा ते चहासारखं निघालं.

सुईधागाताई, तुम्ही लिहिलेल्या त्या भोकाभोवतीच्या रेघा मी मुद्दाम बघितल्या. एका रेकॉर्डच्या पहिल्या बाजूला एवढ्या की छापलेलं नाव पुसट झालंय. उलटी केली तर दुसऱ्या बाजूचं लेबल कोरं. एक रेघ नाही. त्या मुलीनेही दोनदा बघितलं आणि म्हणाली, मग हीच लावू या.

पहिलं गाणं संपेपर्यंत दुकानातले चारपाच जण जवळ येऊन उभे राहिले होते. एकाने विचारलं, विकणार का? नाही म्हटलं.

बाहेर येऊन बाबांना फोन केला, दुसरी बाजू कधीच का नाही लावलीत? ते थोडा वेळ गप्प. मग म्हणाले, "दुसऱ्या बाजूलाही होतं काही?"